दहा गाणी फुकट

प्रमिलाबाईशी माझा संसार बत्तीस वर्षांचा. तेवढ्या काळात तिने मनात घेतलेली एक गोष्ट सोडून दिलेली मी पाहिली नाही. मी चाळीसगाव डेपोत मेकॅनिक होतो. अडून बसलेली इंजिनं मी चालू केली, पण अडून बसलेल्या बायकोपुढे कोणाचं चाललंय?

यंदा ती अडली गाण्यांच्या काडेपेटीएवढ्या प्लेअरवर. मुलगा कुंदन कॉलेजात असताना त्याने त्याला माइक लावून माझ्या थोरल्या बहिणीची, सुमनअक्काची, कानबाईची गाणी त्यात भरली होती. एकूण एकसष्ट. श्रावणात आमच्या गल्लीत कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते, सोमवारी सकाळी तिची बोळवण होते. बोळवणीचं गाणं फक्त अक्का गायची, प्रमिला मागून ओळ उचलून झील धरायची. गेल्या पौषात अक्काला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, आणि तिची मुलगी रत्ना तिला धुळ्याला घेऊन गेली. गल्लीतली पोरं म्हणाली, मग यंदा बोळवणीला डीजे लावू.

"अक्काचं गाणं वाजेल, नाहीतर काहीच वाजणार नाही," प्रमिला म्हणाली. झालं.

प्लेअरचा पडदा गेलेला, बटणं मेलेली. दुसरी प्रत कुंदनच्या जुन्या कॉम्प्युटरवर होती, पण दिवाळीच्या साफसफाईत हिनेच तो भांडेवालीला देऊन दोन स्टीलचे डबे घेतले होते. भांडेवाली एरवी जुन्या साड्यांवर समाधान मानते, त्या दिवशी मात्र खूश होऊन गेली. मी हे एकदा बोलून दाखवलं आणि दोन दिवस बिनफोडणीची डाळ खाल्ली.

नव्या लॅपटॉपला प्लेअर जोडला तर तो विचारायला लागला, आतलं सगळं पुसून नवं भरू का? माझं बोट 'हो'वर गेलंच होतं. प्रमिलाने हातावर फटका मारला. मग कुंदनने पुण्याहून फोनवर एक सॉफ्टवेअर उतरवायला सांगितलं. ते ट्रायलचं निघालं. एकसष्ट गाणी दिसली, पण नावं जाऊन नुसती आडवीतिडवी अक्षरं. प्रत्येक गाणं पंधरा सेकंद ऐकता येईल, जपून ठेवता येतील फक्त दहा. पूर्ण विकत घ्यावं तर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, पैसे भरायचं पानच उघडेना.

आणि अक्काची सवय अशी, की आधी कानबाईला नमन केल्याशिवाय ती एक ओळ गायची नाही. पंधरा सेकंद त्या नमनातच संपायचे. एकसष्ट वेळा तेच नमन.

"कुठलीही दहा घे," मी म्हणालो.

"लॉटरी शे का हाई?"

तीन दिवस तिने ती नमनं ऐकली. चौथ्या दिवशी म्हणाली, पुढे काय गायचंय ते गाणारीला नमनाच्या सुरातच कळत असेल. लॅपटॉप माझ्या काखेत दिला आणि आम्ही धुळ्याच्या गाडीत बसलो.

अक्का खाटेवर पडून होती. डावा हात तेवढा चालत होता. प्रमिला एकेक नमन लावायची, हवं असेल तर अक्का तिचा हात दाबायची, नको असेल तर मान हलवायची. नऊ गाणी जपून लावून पाहिली. बोळवण काही येईना. सत्तेचाळिसाव्याला अक्काने हात धरला तो सोडेना. दहावं जपलं आणि पूर्ण लावलं.

नमन झालं आणि अक्काचा आवाज आला, "आते तू म्हन." मग प्रमिलाचा, तेव्हाचा, घाबरलेला. बोळवणीचंच गाणं, पण दुसऱ्या कडव्यात अडखळली. "चुकनी तू. आखो म्हन." तीनदा हेच झालं. चौथ्यांदा ती शेवटपर्यंत गायली आणि झील अक्काने धरली. गाणी भरतानाची ही दुपार प्रमिला साफ विसरून गेली होती.

"अक्का, तुम्हनं गानं कोठे शे?" ती चिडून म्हणाली. "दहा संपली ना."

अक्काने डाव्या हाताचं बोट तिच्या छातीला टेकवलं. मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

"मन्हा आवाज फाटका शे," प्रमिला कुरकुरली.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी खिडकीबाहेर बघितलं. पण परतीच्या गाडीत चाळीसगाव येईपर्यंत ती लॅपटॉप मांडीवर घेऊन तेच गाणं ऐकत बसली होती. पुढचे पंधरा दिवस कणीक मळतानाही तेच.

बोळवणीच्या सोमवारी रत्ना अक्काला रिक्षाने घेऊन आली. दारात खुर्ची टाकून तिला बसवलं. पोरांनी कोपऱ्यावर डीजेच्या पेट्या मांडल्याच होत्या. प्रमिला कानबाई डोक्यावर घेऊन तिथे गेली आणि म्हणाली, "माझं होईपर्यंत बंद." बंद झालं.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात ती त्याच जागी अडखळली. मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात अक्काने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवला, एकदा आणि पुन्हा एकदा. "आखो म्हन", प्रमिलाला कळलं.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी दुसरं कडवं पार झालं, पण मागे झील धरायला कोणीच नव्हतं, कारण बत्तीस वर्षं ती हिनेच धरली होती. मी जन्मात कधी गायलो नाही. बायका हसल्या. हसू देत. झील मी धरली.