पाचव्याचा धक्का

चालू गाडीला धक्का मारून मी आमची शर्यत घालवली. परवा तापलेल्या रबराचा वास आला आणि सगळं आठवलं. वाळूजच्या कारखान्यातले आम्ही पाच दोस्त एक खटारा गाडी घेऊन हौशी लोकांच्या दिवसभराच्या शर्यतीत उतरलो होतो. नियम असा, की पेट्रोल भरायला गाडी थांबली की तिला चौघांनीच हात लावायचा. पाचव्याचा हात लागला, की शिक्षा म्हणून गाडी दहा मिनिटं उभी. पाचवा मी! पाण्याची बाटली घेऊन चुन्याच्या रेघेबाहेर उभं राहणं, एवढंच माझं काम. कप पहिल्या तिघांना. शेवटच्या थांब्याला आमचा तिसरा नंबर होता, म्हणजे कप जवळजवळ हातातच. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, गाडी जरा कुरकुरली. वर्षभर रोज सकाळी तिला ढकलूनच चालू केलेली. माझे पाय आपोआप पळाले. "हां, लावा रे जोर!" असं ओरडत मी मागून रेटा दिला, तेव्हा गाडी केव्हाच चालू झाली होती. पंचानं लाल झेंडी आडवी धरली आणि आमच्या डोळ्यांदेखत मागच्या गाड्या पुढं गेल्या. आज हसू येतं; तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती. ड्रायव्हर म्हणजे सिल्लोडचा आमचा मेकॅनिक दोस्त. त्यानं इंजिन बंद केलं, काच खाली घेतली आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, पुढच्या साली तुम्ही समोरच्यांची गाडी ढकला. आपला कप पक्का."