हिरवा झालेला खांब

काल ऑफिसात मी एक खांब हिरवा होताना पाहिला. संगणकाच्या पडद्यावर बारा मजली इमारत उभी होती आणि तळातला एकच खांब लाल दिसत होता. लाल म्हणजे वरचा भार त्याला पेलत नाही. खांब जाड करावा, तर पार्किंगमधली एका गाडीची जागा जाते, बिल्डर ऐकेना. मग आमच्या साहेबांनी खांबाला हातच लावला नाही. त्यांनी वरच्या मजल्यांवर हिशेबात धरलेला माणसांचा, सामानाचा भार कमी केला आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं.

"झाला बघ पास," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

मला त्या हिरव्या रंगाची शिसारी आली.

"साहेब, तिथे लोक राहायला येणार आहेत," मी म्हटलं.

"मग? सगळे एकदम नाचणार आहेत का?"

नाचणार कशाला? कुणी लोखंडी कपाट आणेल, कुणाकडे बारशाला घरभर पाहुणे जमतील. त्यांना दारात अडवून कोण सांगणार, की तुम्हाला आम्ही एवढं धरलेलंच नाही?

चहा आला. मी घेतला नाही. पडद्यावर खांब होता तेवढाच होता; हलकी केली होती ती माणसं.