फोटोची मागची बाजू

कादरभाईंना मी फसवलं. मुद्दाम नाही, पण फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडत बसेन, आणि ते मला छान जमतं.

देवळाली कॅम्पच्या बाजारात त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान. वय चौऱ्याहत्तर. देवांचे, लग्नांचे, पदकवाल्या जवानांचे फोटो त्यांनी जन्मभर चौकटीत बसवले. स्वभाव तिरसट. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणायचे, "मग खिळा घ्या अन् नुसताच ठोका भिंतीला." पण एकाही फोटोला त्यांनी कधी गोंदाचं बोट लागू दिलं नाही.

एकदा भंगारातून इंग्रजांच्या काळातल्या लष्करी मेसचा एक फोटो त्यांच्या हाती आला. पुढे खुर्च्यांवर साहेब, खाली त्यांची नावं सुबक अक्षरांत छापलेली. मागे उभे खानसामे, भिश्ती, धोबी, घोडे सांभाळणारे. त्यांची नावं कुठेच नाहीत. त्या मागच्या रांगेत कादरभाईंचे आजोबा होते.

तेव्हापासून माणूस झपाटल्यासारखा झाला. कुठे असे फोटो मिळाले की घ्यायचे, आणि रविवारी दुकान बंद ठेवून ते पिशवीत घालून भगूर, निफाड, जिथे कुणी जुना माणूस असेल तिथे मिळेल त्या गाडीनं जायचे. तीस वर्षं हेच. निफाडला झुंबर नावाच्या एका म्हाताऱ्यानं फोटो डोळ्यांपाशी धरला आणि म्हणाला, "ह्यो माझा बाप हाय. कान बघा की, माझेच हायेत." कादरभाईंनी तिथेच ओट्यावर बसून फोटोच्या मागे पेन्सिलीनं नाव लिहिलं. असे चारशे बारा फोटो झाले. वेगळी यादी करा, असं मी त्यांना कितीदा तरी म्हटलं. ते ऐकायचे नाहीत. "यादी हरवते, सर. नाव माणसाच्या पाठीलाच असलं की सुटत नाही."

मी शाळेत इतिहास शिकवायचो. आता निवृत्त आहे, इंदिरानगरात राहतो आणि बोलावतील त्या समितीवर जाऊन बसतो. शहरात जुन्या वस्तूंचं एक नवं दालन निघालं. नकाशे, चित्रं, नदीकाठी सापडलेली दगड झालेली हाडं आणि जुने फोटो. मीच कादरभाईंच्या मागे लागलो. तुमच्यामागे हे सगळं रद्दीत जाईल, असं तोंडावर म्हणालो. ते वर्षभर अडून बसले. शेवटी एकच अट घातली: प्रत्येक फोटोखाली मागच्या रांगेचीही नावं लागली पाहिजेत. दालनाच्या मोहिनी मॅडम हो म्हणाल्या. नावं फोटोंच्या मागे लिहिलेली आहेत, हे मी त्यांना सांगितलं होतं का? सांगितलं असेन. नक्की आठवत नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

उद्घाटनाला कादरभाई कडक इस्त्रीचा कुर्ता घालून आले. सोबत अमिनाभाभी आणि नात इन्शा. इन्शानं पहिल्या फोटोखालची पट्टी मोठ्यानं वाचली, "ब्रिटिश अधिकारी आणि नोकरवर्ग." दुसऱ्याखाली तेच. तिसऱ्याखालीही तेच. कादरभाईंनी फोटोच्या कडेवरून नख फिरवलं. "चिकटवलंय," एवढंच म्हणाले. दालनानं काम ठेकेदाराला दिलं होतं, आणि त्यानं चारशे बाराच्या चारशे बारा फोटो गोंद फासून सनबोर्डच्या जाड पुठ्ठ्यांवर थापले होते.

"स्कॅन तर केले असतील ना?" मी विचारलं.

"केलेत ना, सगळे," मोहिनी मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. "पुढच्या बाजूनं."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसानं कादरभाईंसमोर एक फोटो सोडवून बघितला. सुरी आत घालताच कागदाचे पापुद्रे सुटले. पेन्सिलीची अक्षरं गोंदात गेली आणि पुढून एका भिश्त्याच्या गालावर चीर पडली. कादरभाईंनी सुरीवाल्याचा हात धरला. "बस करा. तोंड तरी राहू द्या त्याचं."

मॅडमना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी सगळ्या फोटोंच्या प्रती आणि एक कोरी वही दिली. "आठवतील तेवढी नावं लिहा, चाचा. मी पट्ट्या बदलते."

आठवड्यानं मी कॅम्पात गेलो. अमिनाभाभींनी दार उघडलं आणि त्या आत निघून गेल्या. कादरभाई वही पुढ्यात घेऊन बसले होते. मी वही उघडली. पानंच्या पानं भरलेली, एक खाडाखोड नाही. मी खूश झालो. मग वाचलं. मेजर डॉसन, कॅप्टन हॅरिस, लेफ्टनंट कूपर. नुसते साहेब. मागच्या रांगेतली तीनच: पहिल्या पानावर त्यांच्या आजोबांचं नाव, त्याखाली आणखी दोन.

"हे काय, कादरभाई?"

"तेवढेच येतात, सर. छापलेले होते ना. बघून बघून पाठ झालेत." त्यांनी वही मिटली. "बाकीचे मी लिहिले अन् डोक्यातून सोडून दिले. लिहिलंय म्हटल्यावर कशाला लक्षात ठेवू?"

चला, पुन्हा घरोघर जाऊ, मी येतो सोबत, असं मी म्हणालो. म्हणायला माझं काय जातं!

"कोणाकडे जायचं? सांगणारे म्हातारे सगळे गेले. काल लाज सोडून भगूरला फोन लावला. एका धोब्याची पणती आहे, रोहिणी. म्हटलं, बेटी, फोटोतल्या तुझ्या पणजोबांचं नाव काय गं?"

"मग?"

"म्हणाली, चाचा, ते तर तुम्हीच लिहून नेलं होतं ना?"