गिरदावरांच्या संगणकातलं अतिक्रमण

चंपतराव गिरदावर कुणाकडे चहाला गेले की आधी कप उचलून बशीत काय आहे ते पाहत. बशीत काही नसे. मग आपण यायच्या आधीच ते काढून घेतलं असणार, असं मनाशी धरून ते चहा पीत.

एकतीस वर्षं ते महसूल खात्यात गिरदावर होते. पटवाऱ्यानं वहीत लिहिलेलं शेतात खरोखर आहे का, हे जाऊन पाहायचं, हे त्यांचं काम. वहीत ज्वारी असली की ते कणीस चोळत, दाणा चावत आणि तरीही शेतकऱ्याला विचारत, "ही ज्वारीच हाये ना?" तलमडुगूकडची एक विहीर त्यांनी तीनदा तपासली, कारण ती पूर्वी जरा उगवतीला होती असा त्यांना दाट संशय होता. स्वतःच्या लग्नाचा फोटो आला तेव्हा त्यातली माणसं त्यांनी निमंत्रणाच्या यादीशी ताडून पाहिली. तिघं जास्त निघाले. त्या तिघांचा तपास चालूच आहे.

असा माणूस निवृत्त झाला की गावाची पंचाईत होते. चंपतरावांनी इचोड्याला हमरस्त्यावर एस.टी.डी. बूथ टाकला आणि नव्व्याण्णव साली त्यात संगणक आणून इंटरनेट घेतलं. तो चालवायला भागीरथा आली. शेजारच्या गावच्या बौद्ध वाड्यातल्या शाळामास्तरांची ही मुलगी आदिलाबादला संगणक शिकलेली, हुशार आणि कमी बोलणारी. चंपतरावांना दोन्ही गोष्टी संशयास्पद वाटल्या, पण दुसरं कुणी मिळालं नाही.

अकरा महिने सुरळीत गेले. मग एका सरकारी कचेरीत संगणकावर काम करायला माणूस हवा असल्याची जाहिरात निघाली. अर्जासोबत अनुभवाचा दाखला हवा होता आणि अर्ज शनिवारपर्यंत पोचायला हवा होता. भागीरथानं सोमवारी दाखला मागितला. नेमकं त्याच सकाळी चंपतरावांचं बोट चुकून भलतीकडे पडलं आणि पडद्यावर एक लांबलचक यादी उघडली.

एखादं पान पुन्हा पाहायचं असलं तर ब्राउझरमध्ये त्याचं नाव जपून ठेवता येतं, त्याला बुकमार्क म्हणतात. चंपतरावांच्या यादीत असे बुकमार्क त्रेसष्ट होते. उंटांच्या शर्यती. नॉर्वेतला एक दीपस्तंभ. जुन्या कुलुपांचा संग्रह. टकलावर केस उगवणारं तेल. परदेशातल्या मुलांचं विवाह मंडळ.

"हे कोन घुसले माह्या संगणकात?" चंपतराव ओरडले. "कोनाच्या परवानगीनं?"

"काका, ते बुकमार्क होत. नको असले तर काढून टाकू. एका मिनिटात साफ होते," भागीरथा म्हणाली आणि तिनं माऊसकडे हात नेला.

"हात काढ!" चंपतराव उभेच राहिले. "नोंद मिटवतं? एकतीस वर्षांत मी रबर हाती धरलं नाई. ज्याच्या नावाची नोंद त्याले आधी नोटीस, मंग त्याची कैफियत, मंग निकाल. आन् निकालानंतर बी लाल शाईची एक रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाह्यजे. तुले मिटवायची येवढी घाई काऊन?"

इथं तिच्या लक्षात आलं की यादी साफ करायची गोष्ट काढून आपण आरोपी झालो.

"आन् दाखला, काका?"

"चौकशी चालू असलेल्या इसमाले दाखला देत नसतात."

त्यांनी एक जाड वही काढली आणि रकाने आखले. अनुक्रम, नाव, कब्जा केव्हापासून, कब्जेदार कोण. पहिले दोन रकाने भरायला भागीरथाचा सगळा मंगळवार गेला. बुधवारी सकाळी बूथच्या भिंतीवर मराठीत आणि तेलुगूत नोटीस लागली: खालील त्रेसष्ट नोंदींवर ज्या कुणाचा हक्क असेल त्यानं दोन दिवसांत हजर होऊन म्हणणं मांडावं, नंतर तक्रार चालणार नाही.

गिरदावराच्या भिंतीवर अनुक्रम, नोंद आणि कब्जा हे शब्द दिसल्यावर इचोड्यात कोण घरी बसणार? नव्यानं मोजणी निघाली असं लोकांनी धरलं. दुपारपर्यंत रांग लागली. उद्धवराव आजोबांच्या वेळचा कागद घेऊन आले आणि नोंद कोणती ते न विचारता "आमचा हिस्सा अर्धा" म्हणून बसले. सोजरबाईंना तर कुठलीच जमीन नव्हती. पण त्यांनी नातवाकडून यादी वाचून घेतली आणि सतरा नंबरवर बोट ठेवलं. तो नॉर्वेचा दीपस्तंभ होता.

"हे माह्या नावावर लावा, गिरदावर."

"कोन्या हक्कानं, बाई?"

"दुसऱ्या कोनाचं नाव नाई ना लागलं? मंग लावा. पानी हाये का तिथं?"

भागीरथा हळूच म्हणाली, "चारी बाजूनं हाये, आजी."

"मंग काऊन सोडू?" म्हणत सोजरबाईंनी अंगठा पुढे केला.

चंपतरावांनी तो घेतला. आलेला दावा नोंदवून न घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मात्र एकोणतीस आणि एक्केचाळीस नंबरवर कुणीच हक्क सांगितला नाही. तेल आणि विवाह मंडळ. त्यांनी समोरच्या चहावाल्या धोंडीबाच्या टकलाकडे बराच वेळ पाहिलं, मग भागीरथाकडे.

"लग्नाचं वय तुहं हाये," ते म्हणाले.

भागीरथाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते खाली पडू दिलं नाही. "काका, तिसरा रकाना राह्यला. कब्जा केव्हापासून. कोनती नोंद कोन्या दिवशी, किती वाजता झाली, हे संगनक सांगते. तुमी बोला, मी लिहिते."

"मी पाहीन अन् तू लिहिशील? नाई. तू सांग, मी लिहितो." चंपतरावांनी टोपणाचं पेन उघडलं.

"उंटाच्या शर्यती. सकाळी नऊ वीस."

"नऊ वीस."

"कुलपं. नऊ चाळीस. दीपस्तंभ, नऊ पंचावन्न."

पंचविसाव्या नोंदीपर्यंत सगळं नऊ ते दहाच्या मधलं निघालं. एकोणतिसाव्या नोंदीला चंपतरावांचं पेन सावकाश झालं. विसाव्या शतकातल्या सगळ्या चोरट्यांनी ही एकच वेळ का धरावी, याचा ते विचार करू लागले.

"बूथ उघडतं कोन, धोंडीबा?"

"तुमीच, दुसरं कोन?" धोंडीबा गाळणी आपटत म्हणाला. "नवाले तुमी येता अन् त्या डब्यापुढं बसता. पोरगी येते दहाले, बसमधून उतरून. मी रोज पाह्यतो."

"घड्याळ चुकीचं असंन," चंपतराव म्हणाले. त्यांनी संगणकाचं घड्याळ मनगटाशी, मनगटाचं धोंडीबाच्या भिंतीवरच्या घड्याळाशी आणि तिन्ही रेडिओवरच्या बातम्यांशी ताडून पाहिली. सगळी एकमेकांना सामील होती.

"काका," भागीरथा म्हणाली, "सकाळी तुमी पानं कशी पाह्यता ते एकदा करून दाखवा ना."

चंपतराव बसले. कापसाचे भाव उघडले. कडेला चौकटीत 'इथे दाबा' असं इंग्रजीत लुकलुकत होतं. लुकलुकतंय म्हणजे काही तरी लपवतंय, म्हणून त्यांनी ते दाबलं. आलेलं पान खालून वर वाचलं, कारण कचेरीत ते आधी सही बघत आणि मथळ्यापर्यंत पोचतच नसत. मग त्यांनी तोऱ्यात वरचं एक बटन दाबलं.

यादीत चौसष्टावी नोंद आली. घोड्यांची खोगिरं.

"हे काऊन दाबलं, काका?"

"पाह्यलेल्या कागदावर खूण केल्याबिगर तो पुढं सरकवायचा कसा? ती माह्या नजरेखालून गेल्याची सही..." वाक्य अर्ध्यात थांबलं.

दुसरा कुणी असता तर हसून मोकळा झाला असता. चंपतरावांनी नवं पान उघडलं आणि स्वतःच्या नावानं नोटीस लिहिली. ती घरी त्यांच्या बायकोनं, जयवंताबाईंनी, सही करून घेतली. "घरी नसले तर दाराले चिकटवू का?" हे त्यांनी नवऱ्याला तोंडावर विचारलं. शुक्रवारी सकाळी चंपतरावांनी स्वतःची उलटतपासणी घेतली. आरोपीची उत्तरं त्यांना टाळाटाळीची वाटली, तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. निकाल असा झाला: चौसष्टही नोंदी खारीज. उद्धवरावांचा अर्धा हिस्साही गेला. सोजरबाईंना मात्र अपिलाची मुदत दिली.

मग भागीरथानं माऊस हातात घेतला. एकेक नोंद यादीतून निघे, तशी वहीत तिच्यावर चंपतराव लाल रेघ ओढत. पडदा मोकळा झाल्यावर त्यांनी कोरा कागद पुढे घेतला, बराच वेळ पेन चावलं आणि दाखला लिहून तिच्या हातात दिला.

भागीरथानं वाचलं: "सदर मुलीनं या बूथवर अकरा महिने संगणकाचं काम केलं. या काळात तिच्यावर दररोज संशय घेण्यात आला. एकदा रीतसर चौकशीही झाली. काहीही निघालं नाही."

तिला हसावं की रडावं कळेना. "काका, नुसतं 'काम चांगलं' असं नाई का लिहिता येत?"

"चांगलं म्हनाले कोनीबी लिहून देते," चंपतराव म्हणाले. "हे मी आजवर कोनालेच लिहून देलं नाई."

डबा घेऊन आलेल्या जयवंताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि भागीरथाच्या हातात परत ठेवला.

"घेऊन जाय, माय," त्या म्हणाल्या. "बसची येळ झाली. मले तर बत्तीस वर्षांत येवढं बी नाई भेटलं."