आडव्या, उभ्या आणि तिरक्या रांगांचे मामा

आमच्या मेव्हण्याच्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा असेल, तर तो मला अजून भेटलेला नाही आणि भेटू नये अशीच इच्छा आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त होऊन ते श्रीपुरातच राहिले. त्यांना सगळे मामा म्हणतात. पेपरातलं सुडोकू ते पेनानंच सोडवतात, कारण खोडरबर म्हणजे त्यांच्या मते आधीच मानलेली हार. पुतणीच्या लग्नात त्यांनी अक्षता डाव्या हातानं टाकल्या, उजवा हात आठ आणि तीनमध्ये अडकला होता. रक्तदाब तपासताना डॉक्टर म्हणाले, "हात सैल सोडा." मामा म्हणाले, "जरा थांबा, सात सुटू द्या."

गेल्या वर्षी ते आठ दिवसांसाठी सोलापुरात आमच्याकडे आले, तेव्हा नातीनं त्यांच्या मोबाइलवर एक नवं खूळ घालून दिलं होतं. काही हौशी लोक कुठंतरी डबी लपवतात आणि तिचा ठावठिकाणा अक्षांश-रेखांशात नेटवर टाकतात. शोधणाऱ्यानं जायचं आणि आतल्या वहीत नाव लिहून यायचं. सोलापुरातल्या एका डबीचे शेवटचे आकडे मात्र सुडोकूत दडवले होते. खाली लिहिलं होतं, तीन वर्षांत कुणालाच सापडलेली नाही. मामांची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला घालून माझ्यासमोर उभे राहिले. "पाव्हणं, गाडी काढा की. सुटलंय."

मोबाइल दाखवील तसे आम्ही गेलो आणि शहराबाहेर एका ज्वारीच्या रानात मधोमध पोचलो. रानाच्या मालकिणीनं खुरपं खाली ठेवलं.

"काय हरवलंय का?"

"डबी," मामा म्हणाले.

"कसली?"

"ते न्हाय ठावं."

त्या बाईनं बिचारीनं आमच्याबरोबर अर्धा तास शोधलं. घरी आल्यावर मी कोड्याखालची बारीक ओळ वाचली. आडव्या-उभ्या रांगांसारखेच दोन्ही तिरक्या रांगांतही एक ते नऊ आकडे एकेकदाच यायला हवे होते. संध्याकाळी त्यांनी माझ्या मुलीकडं हळूच पेन्सिल मागितली.

डबी तळ्याकाठी सापडली, एका लिंबाच्या मुळाशी, दगडाआड. आतली वही कोरी होती. मला वाटलं, मामा आता पहिल्या पानावर झोकात सही ठोकणार. ते वही मांडीवर घेऊन नुसतेच बसले.

"एवढं झाक कोडं रचलं," ते म्हणाले, "आन् तीन वर्सं कुनी आलंच न्हाय. काय वाटलं असंल वो त्याला?"

मग त्यांनी लिहिलं, 'कोडं लई आवडलं. एकदा चुकलो.' रचणाऱ्याला नातीकडून निरोपही धाडला. उत्तर आलं नाही.

श्रीपूरला परतल्यावर मामांनी स्वतःच एक कोडं रचून डबी लपवली. त्यालाही आता वर्ष होईल. दर रविवारी त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून होतं आणि मग आवाज खाली येतो, "तुमचं कुटवर आलंय?"

परवा मी सांगितलं, निम्मं झालंय. खरं तर माझी चारच घरं भरली आहेत, आणि त्यातल्या दोनांची मला खात्री नाही.

"असू द्या," ते म्हणाले. "सावकास सोडवा. मी हाय की."