झऱ्याची वाट

किन्हीराजा गावाच्या पुढे झऱ्याकडे जाणारी पायवाट दरीत उतरते, तिथंच रस्त्यालगत एका माणसाचं पंक्चरचं दुकान आहे. रविवारी आम्ही काही जण सायकली घेऊन येतो, कुणी चालायला येतात. ट्यूब पाण्यात बुडवण्याआधी तो ती कानाशी धरून डोळे मिटतो. "बोलून राह्यली," म्हणतो, आणि बोट नेमकं भोकावर ठेवतो.

दर वेळी थोडं आत गेलो की माझ्या चाकात बाभळीचा काटा शिरायचा आणि मी माघारी यायचो. काटे हाच टाकत असणार, असं मी मित्रांना छातीठोक सांगायचो.

परवा उजाडताच पोहोचलो. दुकान बंद होतं. तो वाटेवर वाकला होता, शेजारी काट्यांनी भरलेलं टोपलं. सापडलाच, असं वाटलं. जवळ गेलो, तर तो काटे वेचत होता.

"कुंपनाले फांद्या ओढत नेतात लोक. सारे काटे इथंच पडतात."

"पन तुमी कायले वेचता? तुमचं दुकान तं यावरच चालते."

"पंचर झालं का मानूस इथूनच वापस जाते. झरा पाह्यलाच नाही, तं पुन्हा कायले येईन?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा झऱ्यापर्यंत गेलो. परतताना दोन्ही चाकं धड होती, तरी दुकानापाशी उतरलो. तो अंगठ्यात रुतलेला काटा काढायला धडपडत होता.

"आना इकडं," मी म्हटलं, "मी काढतो."