कोलशेतचा नाखवा देव

ठाण्याला मासुंद्याच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर 'अपरान्त पुराणवस्तू मंदिर' नावाचं संग्रहालय होतं. तिथे गुणाजी मढवी शिपाई होता. कागदावर शिपाई, एरवी पहारेकरी, झाडूवाला, पाणक्या, सगळं तोच. दिवसाकाठी दहाबारा माणसं यायची, त्यांतली निम्मी सावलीला. तरी गुणाजी प्रत्येकाला चपला काढायला लावी. आत मूर्ती होत्या, आणि मूर्ती म्हटली की देव. मग तिला नाक असो की नसो.

संग्रहालयाला धनी दोन. क्युरेटर त्र्यंबकराव ओगले, आणि संग्रहालय चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस प्रभाकरपंत गुप्ते. ओगले विद्वान, पण नोकरी कच्ची. दर वर्षी मुदत वाढवून घ्यावी लागे. ती वाढवणारे गुप्ते कल्याणचे वकील. दोघांचं बोलणं बंद. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत आणि एकमेकांना पत्रं लिहीत. गुणाजी चार पावलं चालून पत्र पोचवी, सही घेई, उत्तर घेऊन चार पावलं परत येई. टेबलपंख्याचं तोंड कुणाकडे असावं यावरच एका उन्हाळ्यात सतरा पत्रं झाली. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने पेंढा भरलेली मगर भेट दिली, तेव्हा ओगल्यांनी लिहिलं, 'हे पुराणवस्तू मंदिर आहे, शिकारखाना नव्हे.' गुप्त्यांनी उलट लिहिलं, 'मगर आपल्यापेक्षा जुनी आहे.' मगर दारातच राहिली.

गुणाजी मनाने ओगल्यांचा. त्याला कारण होतं. चाळिशीला आलेल्या ह्या माणसाला ओगल्यांनी दुपारच्या निवांत वेळी अक्षरं शिकवली होती. पाटी-पेन्सिल नाही, मूर्तींसमोरच्या चिठ्ठ्यांवरून. 'वि' विष्णूचा, 'ग' गणेशाचा. दोन वर्षांत गुणाजी ठळक अक्षरातली चिठ्ठी वाचू लागला, आणि नाव लिहू लागला. पहिल्यांदा पगाराला अंगठ्याऐवजी सही केली, त्या दिवशी तो कोलशेतला घरी जाऊन बायकोला, रखमाबाईला म्हणाला, "माझा बा मेला तवा मी लहान होतो. आता मना दुसरा बा भेटला."

एक्कावन्न साली एकदा बोलता बोलता त्याने ओगल्यांना आपल्या गावच्या नाखवा देवाबद्दल सांगितलं. खाडीच्या कडेला, भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे छातीइतका उंच दगड उभा होता. त्यावर होडी कोरलेली, होडीत वल्हेकरी, आणि एक माणूस भाला उगारून उभा. मिठागरात आणि मासेमारीला जाणारे आधी त्याच्या पाया पडत. गुणाजीची चुलती आवडाबाई रोज त्याला तेल घाली, सणाला शेंदूर लावी.

ओगले दुसऱ्याच दिवशी कोलशेतला गेले. दगड पाहून चिखलातच गुडघ्यावर बसले.

"गुणाजी, हा वीरगळ आहे. कुणी शूर माणूस खाडीतल्या लढाईत पडला, त्याचा. आठशे वर्षांचा तरी असेल. इथे राहिला तर खारं पाणी ह्याला खाऊन टाकील. तू गावाला समजाव."

"गाव देव देईल का, साहेब?"

"देव द्यायचा नाही, त्याला घर द्यायचं. वर कोलशेतचं नाव लिहीन. काकींनी सणाला येऊन तेल घालावं. माझा शब्द."

गाव सहजी तयार होईना. तीन बैठका झाल्या. शेवटी आवडाबाई उठली आणि म्हणाली, "हा सायेब मना माहीत नाय. पण गुणाजी माझे हाताखाली वाढला. तो सांगतंय तर नेऊ दे." तिच्या शब्दावर गाव राजी झालं. गाडीत पेंढा पसरून देव ठाण्याला आला. आवडाबाई वेशीपर्यंत गाडीमागे चालली.

नोंदवहीत दगड चढला. शेंदराबद्दल गुप्त्यांच्या कारकुनाने लिहिलं, 'पृष्ठभागावर लाल रंग, कारण अज्ञात.' मग ओगल्यांनी गुणाजीला सोडा आणि ब्रश दिला. "कोरीवकाम दिसायला हवं रे." गुणाजीने दोन दिवस शेंदूर खरवडला. पाणी लाल होऊन मोरीत जात होतं. प्रत्येक बादलीला तो मनातल्या मनात माफी मागत होता. होडी स्पष्ट झाली, खालून माणसांची तोंडं निघाली, तेव्हा मात्र तोही थक्क झाला. इतकी वर्षं पाया पडलो, पण देवाचं तोंड आज पाहिलं, असं त्याला वाटलं.

त्याच सुमारास आश्चर्य घडलं. ओगले आणि गुप्ते बोलू लागले. एकत्र चहा घेऊ लागले. पंखा मधोमध फिरू लागला. गुणाजीला आनंद झाला; म्हणाला, देवाचा पायगुण.

एका दुपारी ओगल्यांनी एक कागद पुढे केला. घाईच्या, एकात एक गुंतलेल्या अक्षरांतला. गुणाजीला ठळक अक्षर येई, हे येत नव्हतं.

"काय हाय साहेब?"

"दगड आणल्याची नोंद. तू होतास ना बरोबर? इथे सही कर."

गुणाजीने हात पुसले, टाक घेतला, आणि सावकाश, वळणदार सही केली. ओगले म्हणाले, "वा." पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

दगडासाठी केलेल्या नव्या दालनाचं उद्घाटन माघात झालं. मुंबईचे मोठे पाहुणे आले. कोलशेतहून आवडाबाई आणि वीसपंचवीस माणसं चालत आली. हातात हार, तेलाची वाटी, नारळ. गुणाजीने अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश चढवला होता. पाहुण्यांनी दगडावरचं कापड ओढलं. टाळ्या झाल्या. गुणाजी आवडाबाईला हाताला धरून पुढे घेऊन गेला आणि म्हणाला, "काकी, आपले गावचं नाव वाचून दावतो."

चिठ्ठी ठळक अक्षरात होती. तो मोठ्याने वाचू लागला. "वी-र-ग-ळ. क-ल्या-ण खाडीत सापडलेला." तो थांबला. त्याला वाटलं आपण चुकलो. पुन्हा वाचलं. 'शोध: श्री. प्रभाकर गुप्ते. संशोधन: श्री. त्र्यंबक ओगले.' त्याखाली मगर देणाऱ्या त्याच व्यापाऱ्याचं नाव. नव्या दालनाला देणगी त्याची. कोलशेत कुठेच नव्हतं.

आवडाबाईने तेलाची वाटी पुढे केली तर कारकुनाने हात अडवला. "वस्तूंना हात लावू नये, बाई."

गावकरी चिडले. आवाज चढले. तेव्हा गुप्त्यांनी शांतपणे एक कागद मागवला आणि वाचून दाखवला: 'सदर दगड कल्याणकडील खाडीत बेवारस पडलेला होता. त्याची कोणी पूजाअर्चा करीत नाही. कोणा गावाचा त्यावर हक्क नाही. हे मी समक्ष पाहिले आहे. गुणाजी मढवी.'

"सही तुमच्याच माणसाची आहे," गुप्ते म्हणाले. "ओळखा."

गावात एकालाही वाचता येत नव्हतं. पण सगळ्यांनी कागदाकडे नाही, गुणाजीकडे पाहिलं. आवडाबाईने त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. नारळ ओच्यात घातला आणि बाहेर पडली. मागोमाग सगळे गेले.

पाहुणे गेल्यावर गुणाजी ओगल्यांच्या टेबलापुढे उभा राहिला.

"साहेब, तुमी मना काय सही करायला लावलंत?"

ओगले चष्मा पुसत राहिले. "दालनाला देणगी हवी होती. कल्याणचं नाव असल्याशिवाय मिळत नव्हती. आणि माझी नोकरी... यंदा कायम झाली. तुला घर आहे, शेत आहे. मला काय आहे? दगड सुरक्षित आहे ना, गुणाजी? पाटीवर काहीही असो."

"काहीबी असो, तर तुमचं नाव कशाला लिवलंत?"

ओगल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "तुला अक्षरं मीच शिकवली, हे विसरू नकोस."

"तेच तर इसरता येत नाय," गुणाजी म्हणाला.

तीन दिवस बसून त्याने मंडळाला अर्ज लिहिला. ठळक अक्षरात, एकेक ओळ बोटभर उंच: दगड कोलशेतचा आहे, कागद खोटा आहे, मला न वाचून दाखवता सही घेतली. आवक नोंदवहीत अर्जाला नंबर पडला. ओगल्यांनी तो गुप्त्यांकडे अभिप्रायासाठी पाठवला, गुप्त्यांनी ओगल्यांकडे. महिनाभर गुणाजी स्वतःचाच अर्ज चार पावलं नेत आणि चार पावलं आणत होता. शेवटी शेरा पडला: 'अर्जदाराचे अक्षर समाधानकारक. मजकूर दफ्तरी दाखल.' त्या दिवशी त्याने गणवेश धुऊन, घडी करून मगरीच्या पाठीवर ठेवला आणि तो कोलशेतला परतला.

गाव त्याच्याशी बोलेना. मिठागरात काम मिळालं, पण पाणवठ्यावर तो आला की बायका घागरी उचलून बाजूला होत. रखमाबाईने सगळीकडे सांगून पाहिलं, "त्याला फसवला." लोक म्हणत, "वाचता येत होतं ना?" आवडाबाई दीड वर्षाने वारली. शेवटच्या आजारात गुणाजी रोज जाऊन उंबऱ्याशी बसे. ती त्याच्या हातून पेज पीत असे. देवाचा विषय तिने काढला नाही, त्यानेही नाही.

सत्तावन्न साली एका भर दुपारी ओगले कोलशेतच्या मिठागरावर येऊन उभे राहिले. केस पिकलेले, छत्री मोडकी. गुप्त्यांनी त्यांना काढलं होतं. क्युरेटरच्या जागी गुप्त्यांचा भाचा बसला होता.

"गुणाजी, गुप्त्यांनी तो कागद कसा करवून घेतला, हे तू मंडळापुढे सांग. तुझ्या सांगण्यावर माझी जागा परत मिळेल."

गुणाजीने मिठाचं फावडं टेकून ठेवलं. त्यांना सावलीत बसवलं, लोटाभर पाणी दिलं.

"सायेब, देव गावाला परत मागायचा असंल तर आता येतो. तसं हाय?"

ओगले पाण्याकडे पाहत राहिले. "ते... ते नंतर बघता येईल. आधी माझं..."

"मग आताच निघा," गुणाजी म्हणाला. "ठाण्याची गाडी रस्त्यावर तीनला येते."

ओगले बांधावरून तोल सावरत रस्त्यापर्यंत गेले. गुणाजीने वळून पाहिलं नाही. आगरात पाणी आटत आलं होतं आणि मीठ आजच ओढायला हवं होतं.